परदेशातील शिक्षण आणि परतीची जागा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कळंब येथील सभेत केलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची संधी विश्वस्तांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी पंडित नाही आणि वक्ता तर नाहीच. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या कापड दुकानात गादीवर बसलो, तो आजतागायत तिथेच आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यात शास्त्रापेक्षा जमाखर्च अधिक आला, तर आपण उदार मनाने सांभाळून घ्यावे.

महोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा, यावर गेले काही महिने आपल्यात चर्चा चालू आहे. सभागृहावर आणखी एक मजला चढवावा, असे काहींचे मत आहे. परदेशी जाऊन व्यापाराचे, उद्योगाचे व व्यवसायाचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्ती निधी उभारावा, असे दुसरे मत आहे. या दुसऱ्या मताला विरोध करणाऱ्यांचा एक प्रश्न फार रास्त आहे. ते विचारतात, "आपल्याच पैशाने आपलीच मुले कायमची परदेशी घालवायची काय?" बाजारपेठेतून एक फेरी मारली की या प्रश्नाचे गांभीर्य कळते. कुलूप लागलेल्या दुकानांचे मालक दिवंगत झालेले नाहीत. त्यांची मुले परदेशी आहेत आणि गादीवर बसायला कोणी उरलेले नाही. मी निधीच्या बाजूचा आहे. पण या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय निधी उभारू नये, असेही माझे स्पष्ट मत आहे.

समुद्र ओलांडण्याचा वाद आपल्या समाजाला नवा नाही. वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले, तेव्हा आपल्यातीलच काहींनी त्यांना दोष दिला होता आणि आचार्य विजयानंदसूरीश्वरजी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. तो वाद आता संपला आहे. आज जाण्याला कोणाचीच हरकत नाही, चिंता आहे ती परत येण्याची.

परदेशी शिष्यवृत्तीची आपल्याकडील एक जुनी हकीकत कापसाच्या बाजारातली आहे, म्हणून ती मला जवळची वाटते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरला जाणारा तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीच्या दिवसांत रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर होता यावे म्हणून दीड लाख रुपयांची योजना जाहीर केली. तिच्या आधारे विलायतेस गेलेल्यांत फिरोजशहा मेहता होते. पुढे १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, मुंबईतला शेअरचा सट्टा फुटला आणि त्या पडझडीत रुस्तमजींची संपत्तीही गेली. फिरोजशहा बॅरिस्टर होऊन १८६८ साली परतले आणि मोठे झाले; पण ती योजना काही परंपरा होऊन टिकली नाही.

याच पडझडीत आपले प्रेमचंद रायचंद शेठही बुडाले. कापसाचा राजा म्हणून ज्यांचे नाव होते, ते कर्जदार झाले. मात्र त्यांनी १८६६ साली कलकत्ता विद्यापीठाला दिलेले दोन लाख रुपये विद्यापीठाच्या हाती कायमचा निधी म्हणून पोहोचले होते. त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळवणे हा पुढे बंगालमधील विद्वानांचा सर्वोच्च मान समजला गेला. सर आशुतोष मुखर्जी हे तिचेच मानकरी. दोन्ही दाते थोर, दोघांची वृत्ती उदार, दोघांवर संकटही एकच. एकाचे दान व्यापाराच्या चढउतारावर अवलंबून राहिले. दुसऱ्याचे मुद्दलासह बाजूला निघालेले होते. आपल्याकडे दरवर्षी पर्युषणात बोली लागते, आकडे जाहीर होतात आणि वसुलीसाठी मुनीम पुढची दिवाळी येईपर्यंत फिरतो, हे आपण सारे जाणतो. शिष्यवृत्तीच्या बाबतीत हा प्रकार चालणार नाही. मूल परक्या देशात, फीचा दुसरा हप्ता भरायचा आणि इकडे दात्याचा हंगाम बुडालेला, अशी वेळ कोणावर आणू नये. प्रथम मुद्दल बँकेत जमा, मग पहिला अर्ज, हा क्रम मोडता कामा नये.

या बाबतीत सर्वांत व्यवहारी दृष्टी जमशेटजी टाटांची होती. त्यांनी १८९२ साली जे. एन. टाटा निधी स्थापन केला. आरंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. १८९४ पासून सर्व भारतीयांना खुला झाला. त्याच्या पहिल्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन महिला होत्या, हे इथे बसलेल्या भगिनींनी विशेष ध्यानात घ्यावे. विलायतेत शिकून कृष्णाबाई कोल्हापूरला परत आल्या आणि तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांनी स्त्रियांची सेवा केली. १९२४ सालापर्यंत सनदी सेवेतील दर पाच भारतीयांपैकी दोघे टाटांचे शिष्यवृत्तीधारक होते, असे सांगतात. पुढच्या काळात के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर हेही याच निधीच्या साह्याने परदेशी गेले.

टाटांनी हे पैसे दान म्हणून दिले नाहीत, कर्ज म्हणून दिले. शिकलेला माणूस कमावता झाला की त्याने ते परत करायचे आणि त्या पैशावर पुढचा विद्यार्थी जायचा. दान घेणारा संकोचतो किंवा निष्काळजी होतो. कर्ज घेणारा हिशेब ठेवतो. आपल्या समाजातही ही रीत अपरिचित नाही. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत सुरू झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने कर्जाऊ शिष्यवृत्तीची पद्धत रुजवली आणि तिच्या बळावर सामान्य घरांतील कितीतरी मुले डॉक्टर व इंजिनियर झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मुले परत का येतात आणि का येत नाहीत? मी वाचले आणि पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, शिष्यवृत्तीच्या करारनाम्यापेक्षा परतीच्या जागेला अधिक महत्त्व आहे. यासाठी मी एक जपानी उदाहरण जरा विस्ताराने सांगतो. कापडवाल्याला ते सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

जपानमध्ये शिबुसावा एइची नावाचे एक मोठे पेढीवाले होते. आपल्या देशात विलायती सूत किती येते आणि त्यापायी किती पैसा बाहेर जातो, याची बेरीज मांडून त्यांनी मोठी सूतगिरणी काढायचे ठरवले. यंत्रे विकत मिळत होती, भांडवल गोळा होत होते. पण गिरणी चालवणारा माणूस देशात नव्हता. त्या वेळी यामानोबे ताकेओ नावाचा एक तरुण लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकत होता. शिबुसावांनी त्याला पत्र लिहिले, तो विषय सोड आणि सूतकताई शिक, खर्च आम्ही देतो. त्या तरुणाने आधी यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले आणि मग लँकेशायरमधील ब्लॅकबर्न येथील गिरणीत प्रत्यक्ष कामगारांमध्ये राहून, कापसाची गाठ फोडण्यापासून सुताची लड बांधण्यापर्यंत सगळे काम पाहिले. तो १८८० साली परतला आणि १८८३ साली १०,५०० चात्यांची ओसाका सूतगिरणी सुरू झाली. १८९७ साली जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षा अधिक झाली. चीनच्या बाजारात आपल्या मुंबईच्या गिरण्यांचे जे गिऱ्हाईक होते, ते जपानने हळूहळू काढून घेतले.

बंधूंनो, एका माणसाच्या शिक्षणावर केलेला खर्च कसा फिटतो, याचा याहून चोख ताळेबंद मला ठाऊक नाही. परंतु बारकावा पाहा. यामानोबे आधी शिकला आणि मग नोकरी शोधत फिरला, असे झाले नाही. त्याची खुर्ची तो शिकत असतानाच ओसाकात मांडली जात होती.

हा प्रकार आपल्या पुणे जिल्ह्यातही झाला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर जाऊन एकेक पैसा मागून पैसा फंड जमवला. लोकमान्य टिळकांनी या कार्याला पाठबळ दिले. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. काचेची विद्या तोवर आपल्याकडे पारंपरिक बांगड्यांपलीकडे फारशी गेली नव्हती. जपान व अमेरिकेत जाऊन काचेचे तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तर हिंदुस्थानातील गृहस्थ या कारखान्यासाठी तळेगावला आले. तिथे कारखानाही चाले आणि शाळाही चाले. तिथले शिकलेले कारागीर देशातील निरनिराळ्या काच कारखान्यांत पसरले. परदेशी शिकलेला माणूस एक, पण त्याला भट्टी तयार मिळाली, म्हणून ती विद्या अनेकांच्या हातांत गेली. ती भट्टी कोणा संस्थानिकाने नव्हे, तर एकेक पैसा देणाऱ्या माणसांनी पेटवली होती, याचे मला अधिक अप्रूप वाटते. कळंबच्या ट्रस्टने ‘आपण लहान’ असे म्हणण्याचे कारण नाही.

आणि आता याच्या उलट उदाहरण. श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी बुद्धिमान तरुणांना परदेशी पाठवण्याची योजना राबवली आणि १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. महाराजांची दृष्टी विशाल होती, निवड अचूक होती, करारही पक्का होता. बाबासाहेब १९१७ साली कराराप्रमाणे बडोद्यात रुजू झाले. पण त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी वसतिगृहात ते कसेबसे राहिले, तर जमाव काठ्या घेऊन आला आणि त्यांना बाहेर काढले. कचेरीतील हाताखालची माणसे विटाळ नको म्हणून कागद लांबून टाकीत. एवढा विद्वान माणूस बडोद्याला मुकला, तो शिष्यवृत्ती अपुरी पडली म्हणून नाही. राजाने दिलेली संधी समाजाने परत घेतली. त्यांना उभे राहू न देणाऱ्यांत आपल्यासारखे सभ्य, धार्मिक, व्यापारी लोकही होते, हे आपण नजरेआड करू नये. यास्तव निधी कोणासाठी, हा प्रश्न निघेल तेव्हा माझे मत असे राहील की तो सर्वांसाठी असावा. अमुक जातीचा, अमुक पंथाचा अशी अट नसावी. टाटांना हे कळायला दोन वर्षे लागली. आपण पहिल्याच दिवशी ठरवू शकतो. शिवाय एकाच धर्मसमाजाच्या हितासाठी काढलेल्या धर्मादाय न्यासाला प्राप्तिकराची सवलत मिळण्यात कायद्याची अडचण येते, ती निराळीच. हा मुद्दा मी मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे.

आता कळंबचे सांगतो. या विषयावर बोलताना ज्यांचे नाव घेतल्याशिवाय इथून उठता येणार नाही, ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ शिक्षण, पदवी नाही. लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत रेल्वेच्या ठेकेदारीने आरंभ. पुढे १९१९ साली सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून विलायतेस निघाले. तो ५ एप्रिलचा दिवस आजही राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना, त्यानंतर विशाखापट्टणमची गोदी, मग मोटारींचा कारखाना. आणि १९३२ साली साखर धंद्याला संरक्षण मिळाल्यानंतर आपल्या या कळंबच्या निरेकाठच्या जमिनीवर साखर कारखाना उभा राहिला. त्याभोवतीच्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले.

वालचंदशेठ परदेशी विद्येकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहत. विमान बनवण्याची विद्या देशात नाही, तर ज्याच्याकडे आहे त्या अमेरिकन माणसाला कारखान्यासह बंगळूरला आणा. विद्यार्थी विद्येकडे पाठवायचा की विद्या विद्यार्थ्याकडे आणायची, हे खर्च पाहून ठरवावे, असा तो रोकडा विचार होता. जहाजांच्या बाबतीत हाच प्रश्न होता. जहाजे हिंदी मालकीची आणि अधिकारी मात्र गोरे. १९२७ साली मुंबईत ‘डफरीन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले तेव्हा तिथून बाहेर पडणाऱ्या हिंदी मुलांना घेण्यास परदेशी कंपन्या नाखूष होत्या. सिंदियासारखी आपली कंपनी नसती, तर त्या प्रशिक्षणाचा कागद त्यांनी कुठे नेऊन दाखवला असता?

आणि वालचंदनगरचे पुढे काय झाले, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. जिथे साखरेची यंत्रे बाहेरून आणून बसवली, तिथेच १९५० च्या दशकात साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली. पुढे त्याच कारखान्यात अंतराळ संशोधन संस्थेच्या प्रक्षेपकांच्या मोटारींची कवचे तयार झाली. आपल्या गावातील फिटर, वेल्डर, टर्नर यांच्या हातांनी झालेले हे काम आहे. त्यातील बहुतेकांनी विमानात कधी पाऊल ठेवलेले नसेल. बाहेरून आलेली विद्या इथे मुरली, कारण ती मुरायला इथे जागा होती.

म्हणून निधी उभारताना विश्वस्तांनी विद्यार्थ्याच्या अर्जासोबत दुसरा एक कागद मागावा, असे मी सुचवतो. विद्यार्थ्याने कुठे शिकायचे हे लिहावे. आणि या भागातील एखाद्या पेढीने, कारखान्याने, दवाखान्याने अथवा शेतकरी गटाने लिहावे की हा मुलगा किंवा मुलगी परत आल्यावर आम्ही दोन वर्षे काम देऊ, जागा देऊ, पगार अमुक देऊ. मुलाला बांधून घेणारे करारनामे पुष्कळ आहेत. आपण स्वतःला बांधून घेणारा करार करावा. परत यायचे नसेल त्याला सक्ती नको. त्याने कर्ज फेडावे, त्याच पैशावर दुसरा जाईल. जिथे आहे तिथे सुखात राहो.

दुसरे असे की, मोठ्या पदवीच्या मागे सर्वांनी लागू नये. आपल्याला लागणारी कौशल्ये पुष्कळदा सहा महिन्यांची किंवा वर्षाची असतात. कापडाचे म्हणाल तर रंगाईतील सांडपाण्याची प्रक्रिया, धाग्याची चाचणी, तयार कपड्यांचे बेतकाम, परदेशी गिऱ्हाइकाच्या दर्जाच्या अटी व निर्यातीची कागदपत्रे. बारामतीला टेक्स्टाइल पार्क आहे. तिथे मशीनवर बसणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. प्रश्न बेत कापणाऱ्याचा आणि दर्जा पारखणाऱ्याचा असतो. शेतीचे म्हणाल तर द्राक्ष आणि डाळिंब आपल्या इंदापूर-बारामतीत होते, पण तोडणीनंतर फळ टिकवण्याची विद्या अजून पुरती आपली झालेली नाही. सूतगिरणीचा इतिहास एका माणसाने वळवला, तो पदवीच्या कागदावर नाही, ब्लॅकबर्नच्या गिरणीत धूळ खाऊन.

शासनाकडून मदत मिळते ना, मग ट्रस्टने कशाला, असेही कोणी म्हणेल. जैन समाजाला २०१४ साली केंद्राने अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, तेव्हा परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी ‘पढो परदेश’ योजना आपल्यालाही लागू झाली. तीच योजना २०२२-२३ पासून बंद झाली. सरकारी योजना अवश्य घ्याव्यात. पण त्यांच्या भरवशावर घर गहाण टाकू नये. गहाण टाकण्याचा विषय निघालाच आहे, तर पालकांना एक विनंती. परदेशी प्रवेश मिळवून देणारे दलाल आता तालुक्याच्या गावीही बसले आहेत. गुळगुळीत पुस्तिका पाहून विद्यापीठ निवडू नका. माल घेताना आपण ठाण उलगडून, उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी पाहतो. इथे तर मुलाचे आयुष्य आणि घराचा सातबारा दोन्ही पणाला लागलेले असतात. आपल्या ट्रस्टने पैसा कमी दिला तरी चालेल, पण परदेशात शिकून आलेल्या चार अनुभवी व्यक्तींची समिती नेमून ही पारख करून दिली, तर ते मोठे साह्य होईल.

व्यवहाराच्या काही गोष्टी कराव्या लागतील. धर्मादाय आयुक्तांकडील आपल्या नोंदणीत शिक्षणसाह्य हा उद्देश स्पष्ट आहे का, हे पाहावे लागेल. पैसा विद्यार्थ्याला इथेच द्यायचा की बाहेरच्या संस्थेला पाठवायचा, याचा प्राप्तिकराच्या दृष्टीने फरक पडतो. तो आपल्या लेखापरीक्षकांनी आधी लेखी द्यावा. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज आणि परतफेड वापरायची, असा ठराव घटनेत घालावा. दरवर्षी एकच विद्यार्थी पाठवता आला तरी चालेल.

सभागृहाच्या मजल्याबद्दल माझा आग्रह नाही. लग्नसराईत जागा अपुरी पडते हे खरे आहे आणि तो मजला पुढेमागे होईलही. या निधीत माझ्या पेढीतर्फे जी रक्कम लिहिली आहे, ती मी बोलीत जाहीर करीत नाही. तिचा धनादेश आज सकाळीच खजिनदारांकडे दिला आहे. आणि मघाशी ज्या दुसऱ्या कागदाबद्दल बोललो, तसा पहिला कागद मी स्वतः भरून आणला आहे. कापडाच्या चाचणीचे किंवा तयार कपड्यांच्या बेतकामाचे शिक्षण घेऊन जो कोणी, ज्या कोणत्या घरातला, परत येईल, त्याला माझ्या दुकानाचा वरचा मजला दोन वर्षे विनाभाडे आणि ठरेल तो पगार. खाली सही केली आहे. साक्षीदाराच्या दोन जागा रिकाम्या आहेत. सभा संपल्यावर विश्वस्तांपैकी दोघांनी त्या भराव्यात, ही विनंती करतो आणि आपली रजा घेतो. जय जिनेंद्र.